बाळ कुबलने होडी शाकारली

आमच्या मिसिसागाच्या मराठी मंडळात बाळ कुबलबद्दल दोन मते आहेत. एक, तो हट्टी आहे. आणि दुसरे, तो फार हट्टी आहे. मी दुसऱ्या मताचा. गेली तीस-पस्तीस वर्षे मी त्याच्याशी वाद घालतो आहे आणि एकदाही जिंकलेलो नाही. मी मूळचा साताऱ्याचा, वाद घालण्यात आम्ही कुणाला ऐकत नाही, पण बाळपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

बाळ आचऱ्याचा, गाबिताचा मुलगा. वडिलांची होडी, काकांची होडी, घराच्या मागच्या पडवीत जाळी. पण वडिलांनी ठरवले की हा पोरगा पाण्यात जाणार नाही. मालवणच्या शाळेत घातला, पुढे मुंबईत इंजिनिअर केला. बाळने वडिलांचे ऐकले आणि एकाहत्तर साली कॅनडात येऊन एका पंप बनवणाऱ्या कंपनीत चिकटला. पाण्यातून बाहेर पडला तो असा. मग मुलगी नीलिमा युनिव्हर्सिटीत गेली, घर रिकामे झाले, आणि एका शनिवारी हा माणूस ग्रोसरी आणायला म्हणून बाहेर पडून जुनी चोवीस फुटी शिडाची होडी ठरवून परत आला. शोभावहिनींना त्याने हे कोथिंबीर निवडता निवडता सांगितले. होडीचे नाव ठेवले 'भरती', आणि पोर्ट क्रेडिटच्या पलीकडे लेकच्या काठी एक छोटा क्लब आहे, तिथे ती बांधली.

मंडळात बातमी फुटली. गणपतीच्या कार्यक्रमात एक सद्गृहस्थ, नाव घेत नाही, मोदकाचा घास तोंडात असताना म्हणाले, "शेवटी कितीही शिका, रक्तात असतं ते बाहेर येतंच." चारचौघे हसले. मला असे हसणारे लोक ओळखू येतात. ते स्वतः कधी काही बोलत नाहीत, फक्त हसतात. बाळ शांतपणे म्हणाला, "हो, माझ्या रक्तात होडी आहे. तुमच्या रक्तात साखर आहे, तो मोदक खाली ठेवा." तेव्हापासून मला हा माणूस फार आवडतो.

शिडाच्या होडीला एक कामाचा माणूस लागतो आणि एक बिनकामाचा. दुसरी जागा माझी. मला पोहता येत नाही, लाट आली की पोटात ढवळते, आणि शीड इकडचे तिकडे होताना मी नेमका चुकीच्या बाजूला बसलेला असतो. तरी दर उन्हाळ्यात मी गेलो. का गेलो, याचे उत्तर बाळ सुकाणू धरून बसलेला ज्याने पाहिला आहे त्यालाच समजेल. मंडळाच्या मीटिंगमध्ये कुरकुरणारा, पाय ओढत चालणारा माणूस तिथे सरळ बसायचा. वारा बदलायच्या आधी त्याला कळायचे. मी विचारायचो, कसे कळले, तर म्हणायचा, "मानेक लागता." तो मालवणीत बोलला की समजायचे, स्वारी खुश आहे. किंवा भयंकर चिडलेली आहे. मधले काही नाही.

आणि दर ऑक्टोबरात शाकारणी. इथे हिवाळ्यात काठचे पाणी गोठते, होड्या पाण्यात राहिल्या तर बर्फ त्यांना चिरडून टाकतो. म्हणून क्लबात एका शनिवारी क्रेन येते आणि एकेक होडी उचलून मैदानात लोखंडी स्टँडवर ठेवते. मग ज्याने त्याने आपल्या होडीतले पाणी काढायचे, इंजिन जपायचे, वर आच्छादन घालायचे. वसंतात तीच क्रेन होड्या परत पाण्यात सोडते. गोरे लोक याला विंटरायझिंग म्हणतात. बाळ शाकारणी म्हणतो. आचऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून झावळ्यांच्या झापांनी झाकतात, त्याचा तो शब्द. "तिथं पावसापास्नं लपवायची, इथं बर्फापास्नं," तो म्हणायचा, "होडी तीच, झोप तीच."

दोन हजार सहा साली त्याला पार्किन्सन्सचे निदान झाले.

हात रिकामा असला की थरथरायचा. कामाला लावला की थरथर कमी व्हायची, पण बोटे ऐकायची नाहीत. शर्टाचे बटण लावायला त्याला इतका वेळ लागायचा की शोभावहिनी दुसऱ्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या. मदतीला गेल्या तर तो ओरडायचा. गोळी घेतली की काही तास बरे जायचे, मग पुन्हा सगळे जड. दोन उन्हाळे त्याने गोळ्यांच्या वेळा सांभाळून होडी चालवली, आणि दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये धक्क्यावरून होडीत पाय टाकताना तो पडला. धक्का आणि होडी यांच्यामध्ये, पाण्यात. मी तिथेच होतो. शेजारच्या होडीवरच्या दोघांनी त्याला ओढून वर काढले. मी फक्त त्याची टोपी पकडली.

हे नीलिमाला कळले. नीलिमा रिचमंड हिलला राहते, इन्शुरन्स कंपनीत आहे, धोका मोजणे हेच तिचे काम. गुणी मुलगी आहे, बापावर जीव आहे तिचा. म्हणूनच तिने ठरवले की होडी विकायची. गिऱ्हाईकही तिनेच शोधले: स्वानंद म्हणून पुण्याचा एक तरुण, सॉफ्टवेअरमधला, इथे सेलिंगचा कोर्स केलेला. क्रेन येते त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, तो होडी बघायला येणार होता. नीलिमाने मला फोन केला.

"चारूकाका, बाबांना कव्हर घालू देऊ नका. स्वानंदला आतून बघायचीय. ते तुमचं ऐकतात."

"माझं?" मी म्हटले. "कधीपासून?"

"प्लीज, काका. नेक्स्ट टाइम कोणी नसेल तिथे ओढायला."

मी बरं म्हटले. तिचे म्हणणे शंभर टक्के खरे होते आणि मला ते अजिबात आवडले नव्हते. बरोबर असलेल्या माणसांचा मला फार राग येतो.

शनिवारी क्रेनने 'भरती' उचलली. पाणी निथळत, खाली शेवाळाची दाढी घेऊन ती वर आली, आणि बाळ डोळे न मिटता बघत राहिला. डोलकाठी आधीच काढलेली होती. शिडे धुऊन त्याच्या बेसमेंटमध्ये वाळत होती, आणि वहिनींचे कपडे वाळवायला जागा नव्हती. होडी स्टँडवर टेकली तशी त्याने घड्याळ बघून गोळी घेतली. मग इंजिनाकडे वळला. बादलीत गुलाबी अँटीफ्रीझ ओतायचे, त्यात इंजिनाचा पाणी ओढायचा पाइप सोडायचा आणि इंजिन चालू करायचे. मागून गुलाबी पाणी पडायला लागले की समजायचे, आतले सगळे पाणी गेले, आता थंडीत काही फुटणार नाही. बादली मी धरली होती.

"बाळ, हे कशाला करतोस?" मी विचारले. "घेणारा घेईल तर तो करेल."

"कोण घेणारा?"

त्याला माहीत होते. त्याच्याच घरात त्याच्याच फोनवरून सगळे ठरले होते, आणि पार्किन्सन्सने कान जात नाहीत.

"नीलिमा चुकीचं बोलत नाहीये," मी म्हटले.

"ती कुठं चुकीचं बोलते? लहानपणापासून नाही बोलली." त्याने बादलीत बघितले. "चारू, जी होडी विकायची असते तिला कोण शाकारतो? शाकारायची म्हणजे वसंतात काढायची. मी हिला शाकारणार. तुला धरायचं नसेल तर बादली खाली ठेव नि घरी जा."

मी बादली धरून ठेवली. मागून गुलाबी धार पडायला लागली.

रविवारी सकाळी सातला तो माझ्या ड्राइव्हवेवर उभा. थंडी मी म्हणत होती. शोभावहिनी गाडी चालवत होत्या, कारण त्याची गाडी डॉक्टरांनी केव्हाच बंद केलेली. वाटेत मी हळूच वहिनींना म्हटले की दुपारी पाहुणा येणार आहे, तर आज नुसती झाडझूड करून थांबूया. वहिनींनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"चारूभावजी, ह्यांना अडवायचं असेल तर तुम्ही अडवा. मी नाही अडवणार. घरात खुर्चीत बसवून ठेवलेला माणूस दिवसभर मला बघायला लागतो, तुम्हाला नाही."

बाळ खिडकीतून बाहेर बघत होता. ऐकले नसल्यासारखे दाखवण्यात तो तरबेज आहे. मी नीलिमाला दिलेला शब्द त्या क्षणी मोडला, आणि मला वाईट वाटले नाही.

आच्छादनाची बाळची पद्धत वेगळी. क्लबातले बाकीचे लोक पांढरे प्लॅस्टिक ताणून गरम हवेने चिकटवतात. त्याला तो 'सँडविच बांधणे' म्हणतो. त्याचे छप्पर असायचे. डोलकाठी होडीच्या मधोमध आडवी, तेच आढे; दोन बाजूंना लाकडी वासे; वर ताडपत्री, इथली टार्प, पुरेशा उतारावर, म्हणजे बर्फ घसरून खाली पडेल. पुढे-मागे त्रिकोणी फट, आत हवा खेळायला. टार्पचे दोर होडीच्या पोटाखालून पलीकडे न्यायचे आणि आवळायचे. मी घाईघाईत एक दोर जवळच्या स्टँडला बांधला.

"मेल्या, स्टँडाक बांधतंस?" तो ओरडला. "वाऱ्यानं टार्प फुगली की स्टँड उपटून येईल नि होडी आडवी. होडीच्या पोटाखालून घे. होडीचं वजन होडीच सांभाळते."

मी पोटाखालून घेतला. शिडीवर मी चढलो, कारण त्याला चढू देणार नाही एवढी एक अट मी घातली होती आणि त्याने ती ऐकली होती. ऐकल्याबद्दल तो दिवसभर माझ्याशी फटकून वागला. मी वरून चुका करायचो, तो खालून शिव्या द्यायचा. हात थरथरत होते, पण आवाज नाही.

शेवटची गाठ मात्र त्याने मला बांधू दिली नाही. सगळे दोर पुढच्या बाजूला एका ठिकाणी आणले आणि तिथे तो गाठ मारायला लागला. बोटे दोर धरायची आणि विसरायची. मी दोनदा पुढे झालो, दोनदा त्याने कोपराने ढकलले. वहिनी गाडीत चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या, तिकडे बघत नव्हत्या. गोळीचा असर उतरत आला होता. सर्वांत शेवटी त्याने दोराचे टोक दातात धरले, अंग मागे टाकले आणि गाठ बसली. मग तो शेजारच्या उपड्या बादलीवर बसला आणि त्याचा हात मांडीवर नाचायला लागला.

तेवढ्यात नीलिमा आली, स्वानंदला घेऊन.

झाकलेली होडी बघून तिने आधी माझ्याकडे पाहिले. मी टार्पकडे पाहिले.

"बाबा, वी टॉक्ड अबाउट धिस," ती म्हणाली. "स्वानंद इतक्या लांबून आलाय. पुढचा भाग तरी उघडा."

"नाही उघडत," बाळ म्हणाला. मग स्वानंदकडे वळून सावकाश, पाहुण्याशी बोलावे तसे बोलला, "राग मानू नका. आमच्या घरची रीत आहे. पावसाआधी माझे वडील होडी शाकारायचे, शेवटची गाठ स्वतः मारायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत ती गाठ कोणी सोडायची नाही. आणि ज्यानं मारली त्यानंच सोडायची. भर पावसात कोणी होडी विकत मागायला आलं तर वडील चहा पाजायचे नि सांगायचे, झाकलेल्या होडीचा सौदा आमच्यात होत नाही. तुम्ही पण चहा घ्या."

स्वानंद समजदार निघाला. "काका, मी एप्रिलमध्ये येतो," म्हणाला आणि खरेच चहा प्यायला.

नीलिमा प्यायली नाही. ती बापासमोर उकिडवी बसली. "आणि एप्रिलमध्ये तुम्हाला नाही सोडता आली तर?" तिने विचारले. "बाबा, आय हॅव टू आस्क. कोणी दुसरं विचारणार नाही."

मला वाटले, तो भडकणार. पण तो भडकला नाही. "मारणारा माणूस जिवंत नसेल तर दोर कापतात," तो म्हणाला. "मुलगा कापतो. आमच्यात तू कापशील."

नीलिमा उठली आणि गाडीकडे गेली. ती रडत होती हे तिच्या चालण्यावरून कळत होते. मला तिची दया आली, आणि बाळचा अभिमानही वाटला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटणे फार त्रासाचे असते.

हिवाळा वाईट गेला. प्रत्येक मोठ्या बर्फानंतर बाळ मला क्लबात घेऊन जायला लावायचा. छपरावर बर्फ साठलेला नसायचा. उतार बरोबर होता. ते बघून तो मान हलवायचा आणि आम्ही परत यायचो. फेब्रुवारीत तो पडला. होडीत नाही, धक्क्यावर नाही. घरात, वॉशरूमच्या दारात, जिथे नीलिमाने स्वतः पाय घसरू नये म्हणून चटई आणून टाकली होती. उजवे मनगट मोडले. हॉस्पिटलमध्ये नीलिमा वहिनींना काही सांगायला लागली तशा वहिनी म्हणाल्या, "घरात पडलेत ते. आता घर विकूया का?"

प्लॅस्टर निघाले तेव्हा हात बारीक झाला होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मैदानातला बर्फ जाऊन चिखल झाला होता तेव्हा, आम्ही गेलो. वहिनी, बाळ आणि मी. नीलिमाला कोणी सांगितले नव्हते, पण ती आली. मला वाटते वहिनींनीच कळवले असावे. त्यांच्या मनात काय असते हे मला कधी कळलेले नाही.

गाठ ओली होऊन, गोठून, पुन्हा ओली होऊन दगड झाली होती. बाळने गोळी घेतली, थोडा वेळ थांबला आणि लागला. डाव्या हाताने, कारण उजव्यात जोर नव्हता. नखे लावली. खिळा लावला. बाजूच्या होड्यांवरचे प्लॅस्टिक लोक कात्रीने फराफरा कापत होते, हसत होते, त्यांच्या होड्या एकामागून एक मोकळ्या होत होत्या. कोणीतरी मोठ्याने विचारले, मदत हवी का. बाळने ऐकले नाही. दुपार झाली. वहिनींनी आणलेल्या पोळ्या मी खाल्ल्या, त्याने खाल्ल्या नाहीत. दोराला लाल डाग पडलेले मला दिसले. ते त्याच्या बोटांचे होते.

नीलिमाला सहन झाले नाही. ती माझ्याजवळ आली, माझ्या जाकिटाच्या खिशात नेहमी असणारा घडीचा चाकू काढून घेतला, उघडला आणि पुढे झाली.

बाळने वर पाहिले. "मी आहे अजून," तो म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. चाकू तिने मिटला, पण मला परत दिला नाही. तसाच हातात धरून बाजूला उभी राहिली, आणि त्याच्या बोटांकडे बघत राहिली. यापूर्वी तिला ते कधी जमले नव्हते. तो बटणे लावताना ती नेहमी उठून जायची, आईसारखीच.

शेवटी गाठ सुटली. एक पीळ ढिला झाला, मग दुसरा, मग दोर आपोआप खाली गळाला. टार्प मी ओढून काढली. बाळ शिडीपाशी गेला. मी माझी जुनी अट सांगायला तोंड उघडले, आणि त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी शिडी धरून उभा राहिलो. एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणून मगच पुढची. वर गेल्यावर तो सुकाणूच्या जागी बसला. होडी जमिनीवर, खाली चिखल, समोर पार्किंगमधल्या गाड्या, आणि हा सरळ बसलेला.

"नीलू, वर ये," तो म्हणाला. "विकायची असेल तर इथं माझ्यासमोर बसून सांग. मी लगेच विकतो. स्वानंदला आताच फोन लाव."

ती चढली. त्याच्यासमोरच्या फळीवर बसली. मी खाली शिडी धरून होतो, त्यामुळे मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होते.

"बाबा, मला भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "दर वेळी फोन वाजला की मला वाटतं, झालं."

"मला पण वाटते," बाळ म्हणाला. "रोज वाटते. सकाळी शर्ट घालताना वाटते. आता भीती घरी पण आहे नि इथं पण आहे. मग मी इथं का बसू नको?"

नीलिमाने वरून मला हाक मारली आणि विचारले की काका, क्रेन कोणत्या शनिवारी येते.